साबणाच्या डबीची गवसणी

माझ्या आईने चाळीस वर्षं गवसण्या शिवल्या. गवसणी म्हणजे वाद्याला घालायचा कापडी अभ्रा. मिरजेत तंबोरे आणि सतारी घडवणारे कारागीर पुष्कळ, आणि तयार झालेलं वाद्य गिऱ्हाइकाच्या हातात उघडं द्यायची पद्धत नाही. दोन कापडांच्या मध्ये कापूस घालून, वर उभ्या-आडव्या टिपा मारून आई ती तयार करायची. तोंडाला नाडी, बाजूला धरायला पट्टा. माप घेताना ती टेप क्वचितच लावायची. भोपळ्यावरून, दांडीवरून, खुंट्यांवरून नुसता हात फिरवायची आणि कापड पसरून खडूने रेघ मारायची.

तो नाद घरातही उतरला होता. मिक्सरला गवसणी, रेडिओला गवसणी, शिलाई मशीनला तर दोन, एक रोजची आणि एक सणाची. माझ्या कंपासपेटीलाही होती, तिच्यावर दोऱ्याने जास्वंद काढलेली. वर्गात सगळ्या पोरी फिदीफिदी हसायच्या आणि मी घरी येऊन आईशी भांडायचे. वडील रेल्वेत होते. ड्युटीवरून आल्यावर खुर्चीत पाय पसरून ते म्हणायचे, मी फार वेळ हललो नाही तर ही माझंही माप घेईल. आईचं उत्तर ठरलेलं असायचं, उघडं बरं दिसत नाही. पण ती सरसकट सगळ्याला शिवायची असं नव्हे. केरसुणीला, पाण्याच्या पिंपाला, गॅसच्या टाकीला तिने कधी काही शिवलं नाही. जी वस्तू तिला आपली वाटली तिलाच अंगरखा मिळायचा. हे मला फार उशिरा कळलं.

वडील गेले, मी लग्न होऊन साताऱ्याला आले त्यालाही पंचवीस वर्षं होऊन गेली, आणि आई मिरजेत वरच्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत एकटीच राहिली. खालच्या मजल्यावर तंबोरेवाल्या चाचांचं दुकान. ते आईपेक्षा दोन-चार वर्षांनी लहान असतील. आई त्यांना चाचा म्हणते, ते तिला वैनी म्हणतात, आणि दोघांची निम्मी कामं जिन्यातून हाका मारून होतात. वरच्या खोल्यांचं छप्पर म्हणजे उघडा स्लॅब. पश्चिमेची भिंत दुपारनंतर अशी तापते की तिला टेकून बसता येत नाही. तरुणपणी तिने ते सोसलं. पंचाहत्तरी ओलांडल्यावर शरीराने हात टेकले.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात चाचा तिला झालेली गवसणी मागायला वर गेले, तर ती मशीनच्या पायाशी पडलेली होती. अंग भट्टीसारखं तापलेलं, जीभ कोरडी, बोलणं असंबद्ध. त्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि मला फोन केला. मी पोचले तेव्हा तिला सलाइन लावलेलं होतं आणि ती नर्सबाईंच्या टोपीची शिवण निरखत होती. डॉक्टर म्हणाले, या वयात तहान आणि उष्मा दोन्ही कळायचं कमी होतं. अंगाला त्रास होतोय हे यांना उशिरा समजणार. उन्हाळ्यात दुपारी एकनंतर खोली थंड पाहिजे म्हणजे पाहिजे.

मी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं की आता साताऱ्याला चल. कायमची. माझा स्वभाव तसा तापट आहे. काळजी वाटली की मी आधी ओरडते, आणि काय वाटत होतं ते नंतर सांगायचं राहूनच जातं. आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. लेकीच्या दारात किती दिवस राहायचं, हे तिचं तोंडदेखलं कारण. माझ्या नवऱ्याने स्वतः येऊन आग्रह केला तेव्हा तेही टिकलं नाही. मग ती खरं बोलली. म्हणाली, साताऱ्यात मला काही ऐकू येत नाही.

मला वाटलं कानांचं काहीतरी. तसं नव्हतं. दुपारी चाचा जवारी काढतात. जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुती दोरा सरकवून तिचा आवाज मोकळा करायचा. एकेका तंबोऱ्याला तास-तास लागतो, तीच तार पुन्हा पुन्हा छेडत बसायचं. मी लहानपणी त्या आवाजाने वैतागायचे. आई मात्र मशीन चालवता चालवता मध्येच पाय थांबवून म्हणायची, लागली. आणि खालून चाचांचा आवाज यायचा, लागली व्हय वैनी? दोघांचं असं इतकी वर्षं चाललेलं. साताऱ्याच्या आमच्या कॉलनीत दुपारी कुकरची शिट्टी आणि भंगारवाल्याचा भोंगा यापलीकडे काही नाही.

मग आमच्यात करार झाला. खोलीत एसी बसवायचा आणि एक उन्हाळा बघायचा. पुन्हा तसं काही झालं, किंवा एसी लावण्यात टंगळमंगळ झाली, तर पिशवी भरायची आणि साताऱ्याला यायचं, त्यावर वाद घालायचा नाही. आईने मान डोलावली. तिने शब्द दिला की ती मोडत नाही, हे मला माहीत होतं. म्हणूनच मी तो घेतला.

एसी बसला. त्या पांढऱ्या पेटीला आईने गवसणी शिवली नाही. घरात ती एकटीच उघडी वस्तू. रिमोटचं प्लॅस्टिकही काढलं नाही, तो तसाच एका पिशवीत घालून खिळ्याला टांगला. तिची बोटं सुईने घट्टे पडून बधिर झालेली, बटणं दाबलेली तिला कळायची नाहीत, आणि मोतिबिंदूच्या ऑपरेशननंतरही त्यावरची अक्षरं वाचता यायची नाहीत. कधी नुसता पंखा चालू व्हायचा, कधी पाती वरखाली होत राहायची आणि खोली होती तशीच. मी फोन करून विचारायचे, लावलाय का? ती म्हणायची, लावलाय. मागे फोनमध्ये भाजीवाली दर सांगत असायची. खिडकी सताड उघडी असल्याशिवाय ती ऐकू यायची नाही. मी चिडायचे, आणि फोन ठेवल्यावर मला रडू यायचं.

साताऱ्याच्या एका तंत्रनिकेतनात मी इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत काम करते. पोरांनी जाळलेल्या गोष्टी पुन्हा चालू करणं हा माझा व्यवसाय म्हणायला हरकत नाही. दुसऱ्या उन्हाळ्याच्या आधी मला सुचलं की आईच्या बोटांना वळण लावण्यापेक्षा रिमोटच आपण करावा, जो साताऱ्यातून चालेल. बाजारात तयार मिळतात. पण आईच्या खोलीत दुसऱ्या कुणी केलेली वस्तू ठेवायची हे मला पटेना. त्यात थोडा आखडूपणाही होता, मान्य आहे.

रिमोटच्या टोकाला एक बारका दिवा असतो. त्याचा उजेड माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, एसीला मात्र कळतो. मी वायफाय असलेला एक छोटा बोर्ड घेतला, त्याला तसला दिवा जोडला आणि मूळ रिमोटची बटणं दाबून त्याची भाषा त्याला शिकवली. त्या भाषेची मला गंमत वाटली. टीव्हीचा रिमोट एका बटणाला एकच गोष्ट सांगतो. एसीचा रिमोट दर वेळी सगळं पहिल्यापासून सांगतो, चालू की बंद, अंश किती, पंखा किती, पाती कुठे. एक अंश कमी करायचा तरी पूर्ण हकिकत. आमच्या आईची फोनवर बोलायची रीत अगदी हीच.

आणि एसी उलट काही बोलत नाही. त्याला ऐकू आलं तर तो ‘टिंग’ करतो, बस. ते टिंग मिरजेच्या खोलीत वाजणार, साताऱ्यात मला कळणार कसं? म्हणून बोर्डाच्या शेजारी तापमान मोजणारा तुकडा बसवला. सांगितलेलं पोचलं की खोलीचा आकडा उतरेल आणि तो मला फोनवर दिसेल. हे सगळं मी एका गुलाबी साबणाच्या डबीत बसवलं. झाकणाला भोकं पाडली, दिवा एका भोकातून बाहेर काढला. सोल्डरिंगचा वास आणि चंदनाच्या साबणाचा वास एकमेकांत मिसळून ती डबी काही दिवस विचित्र घमघमत होती.

आईच्या कपाटावर मी ती एसीच्या समोर ठेवली आणि नियम भरला. रोज दुपारी एक वाजता खोली बत्तीसच्या वर असेल तर सत्तावीसवर एसी चालू, पाच वाजता बंद. पाचनंतर तिने खिडकी उघडावी आणि चाचांचं ऐकावं. चाचांनाही सांगितलं की जवारीचं काम जरा संध्याकाळकडे ढकलता आलं तर बघा. ते म्हणाले, ढकललं.

आईला तो उजेड दाखवायची मला हौस होती. फोनचा कॅमेरा डबीसमोर धरला, आणि पडद्यावर दिवा जांभळा लुकलुकताना दिसला. तिने एकदा डबीकडे पाहिलं, एकदा फोनकडे. डबीत काहीच दिसत नव्हतं. तिला फार नवल वाटलं. मी मास्तरकीच्या सुरात म्हटलं, हा उजेड आपल्या उजेडासारखा नव्हेच. ते वाक्य मी बेफिकीरपणे बोलून गेले, पण तिने जपून ठेवलं.

मार्च, एप्रिल झकास गेले. एक वाजता प्रयोगशाळेत माझा फोन थरथरायचा, आकडा चौतीसवरून हळूहळू खाली यायचा, आणि मला वाटायचं की आई माझ्या नजरेसमोर आहे. संध्याकाळी ती फोनवर म्हणायची, आज तुझी हाक आली बरोबर एकला, मी मशीन झाकलं आणि ताट घेतलं. त्या टिंगला ती हाक म्हणायला लागली होती. चाचांनी मला सांगितलं की ती एसीकडे बघून ‘आलीस व्हय’ असंही म्हणते. एकदा तिने विचारलं, एवढ्या कामाच्या रगाड्यात रोज तुझ्या ध्यानात कसं राहतं गं?

मी म्हटलं, राहतं.

खरं म्हणजे माझ्या ध्यानात काही राहत नव्हतं, बोर्डाच्या राहत होतं. मी एक वाजता कधी खिचडी खात असायचे, कधी पोरांवर खेकसत असायचे. फोन थरथरला तर बघायचे, नाहीतर तेही नाही. पण तिला ते समजावून सांगणं जिवावर आलं. मागे ती ‘लावलाय’ म्हणून खोटं बोलली होती, आता मी ‘राहतं’ म्हणून बोलले.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आकडा उतरेना. एक वाजून गेला, दीड वाजला, पस्तीस. मी फोनवरून पुन्हा चालू करायचा हुकूम सोडला. छत्तीस. वाटलं, वीज गेली असेल, पण मग डबीचाही आकडा आला नसता. आईला फोन लावला आणि विचारलं, एसी चालू आहे ना? ती म्हणाली, हाय की. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी सदतीस. फोन केला तर ती म्हणाली, गार हाय, तू जेव. आणि तिच्या बोलण्यामागे तंबोऱ्याची तार इतकी स्वच्छ वाजत होती की मी ओळखलं, ही खिडकी उघडी टाकून बसली आहे, एसी हिने भिंतीवरच्या बटणातून बंद केला आहे, आणि मला सरळ सरळ फसवते आहे. चाचांना फोन लावला. जवारी काढताना ते फोनला हात लावत नाहीत, त्याही दिवशी लावला नाही.

मी आईला पुन्हा फोन करून म्हटलं, मी येतेय. ती म्हणाली, ये. कशाला, किती वाजता, काहीच विचारलं नाही.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी दोनची एस.टी. धरली. खिडकीतून आत येणारा वारा चुलीवरच्या वाफेसारखा. कऱ्हाड येईपर्यंत मी रागात होते. मनात सगळं बोलणं तयार केलं, करार म्हणजे करार, आता एक शब्द नको, दोन दिवसांत खोल्या आवरू, मशीन टेम्पोने आणू. पेठ नाक्याला गाडी थांबली तेव्हा फोनवर आकडा अडतीस झाला होता आणि राग कुठल्या कुठे गेला. मागच्या खेपेला ती जशी पडली होती तशी दिसायला लागली. पुन्हा तिला फोन लावावा तर हात धजेना. उचललाच नाही तर? आष्ट्याच्या पुढे मी शेजारच्या अनोळखी बाईंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी पिशवीतली पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. ती मी संपवली.

मिरजेत उतरून रिक्षाने गल्लीत शिरले तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. जिन्याकडे धावत निघाले तर दुकानातून चाचांची हाक आली.

“बेटा, वर नको जाऊस. वैनी हितं हाईत.”

दुकानाच्या आतल्या अंगाला, छताला टांगलेल्या भोपळ्यांच्या खाली, जुन्या जाड भिंतीच्या गारव्यात आई चटईवर बसली होती. डोक्यावर ओला पंचा, शेजारी पाण्याचा तांब्या, मांडीवर अर्धी शिवलेली गवसणी. तिने माझ्याकडे पाहिलं आणि सुई कापडात खोचून ठेवली. मी तिथेच दाराच्या उंबऱ्यावर बसले.

चाचांनी थोडक्यात सांगितलं. तीन दिवस झाले, एकचं टिंग होत नाही. पहिल्या दिवशी वैनींनी दोनपर्यंत वाट पाहिली, मग खाली आल्या. तेव्हापासून रोज एकलाच खाली येतात, ऊन उतरलं की वर जातात, म्हणून जवारीही पुन्हा दुपारीच काढतो. मला फोनवर जो तंबोरा स्वच्छ ऐकू आला तो उघड्या खिडकीतून नव्हे, तिच्यापासून हातभर अंतरावर वाजत होता. आणि माझ्या पडद्यावर जो आकडा चढत होता तो रिकाम्या खोलीचा होता. डॉक्टर म्हणाले होते की तिला उष्मा कळणार नाही. तो कळत नव्हताच, पण टिंग झालं नाही हे कळलं आणि ती उठून गारव्याला आली.

मग मला का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. आवाज चढलाच. ती म्हणाली की एसी बंद पडला म्हटलं असतं तर तू कराराप्रमाणे नेलं असतंस. आणि दुसरंही एक होतं. तिला वाटलं होतं की मी रागावून हाक मारायची सोडली. आदल्या रविवारी फोनवर मी तिच्यावर जरा जास्तच ओरडले होते, औषधाच्या वेळेवरून. मी ते विसरूनही गेले होते.

आम्ही दोघी वर गेलो. खोलीत भट्टी. पलंगावर आईची कापडी पिशवी भरून ठेवलेली होती, नाडी बांधून, वर घडी केलेली शाल. मी येते म्हटल्यावर तिने ती भरली होती. शब्द दिला होता ना. मी पिशवीकडे बघायचं टाळलं आणि कपाटाकडे गेले.

कपाटावर साबणाची डबी नव्हती. तिथे एक किरमिजी मखमलीची टुमदार उशी बसलेली होती. चारही कडांना पिवळा गोट, आत कापूस, वर बारीक चौकड्यांच्या टिपा, तोंडाला नाडी, धरायला पट्टासुद्धा. मागच्या बाजूला वायरसाठी मापात कापलेली फट, तिला काज घातलेलं. आणि वर दोऱ्याने जास्वंद काढलेली, माझ्या कंपासपेटीवर होती तशीच.

“धूळ बसत हुती गं,” आई मागून म्हणाली. “तुझ्या हातची वस्तू. उघडी बरी दिसत न्हवती.”

मी नाडी सोडली. आत डबी गरम झालेली, दिव्याचं भोक कापसाने बुजलेलं. तीन दिवस ती बिचारी सगळी हकिकत पहिल्यापासून सांगत होती आणि एक अक्षर बाहेर पडत नव्हतं. आईला मी सांगितलं की हा उजेड कापडातून जात नाही. तिला पटेना. तूच म्हणालीस ना, हा उजेड आपल्यासारखा नव्हे म्हणून? मग डोळ्याला जे दिसतच नाही त्याला कापड काय आडवणार? रेडिओ नाही का गवसणीतनं वाजत? तिच्या जागी तिचं बोलणं तंतोतंत बरोबर होतं. मी डबी मखमलीतून बाहेर काढून फोनवरून हुकूम सोडला.

टिंग.

आईने एसीकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या गवसणीकडे. तिचा चेहरा एकदम पडला. पलंगाच्या कडेवर बसत ती म्हणाली, “म्हंजे तू रोज हाका मारत हुतीस, आन् मीच तुझं तोंड बांधून ठेवलं हुतं.”

मी तिच्याशेजारी बसले आणि तिला जवळ घेतलं. आमच्या घरात ही पद्धत नाही. वडील गेले तेव्हासुद्धा आम्ही दोघींनी आपापल्या कामांना लागून दिवस काढले होते. तिचे खांदे केवढेसे झाले आहेत हे मला त्या दिवशी कळलं. मला तिला सांगायचं होतं की ज्या एसीला दोन वर्षांत तुझ्याकडून सुताचा धागा मिळाला नाही, त्याच्या रिमोटला तू मखमल घातलीस, आणि ती कशासाठी घातलीस ते मला समजलंय. तोंडातून एवढंच निघालं की फार छान शिवलीयस. तिने मान हलवली. ती अजून त्या फटीकडे बघत होती, वायरसाठी केलेल्या. वायर हा त्या डबीचा जीव म्हणून तिने तेवढी वाट ठेवली होती. डबीला तोंड आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

थोड्या वेळाने तिने डबी मांडीवर घेतली आणि विचारलं, ह्याचं तोंड नेमकं कुठं? मी दिव्यावर बोट ठेवलं. तिने गवसणी पुन्हा चढवली, वरून अंगठा फिरवला, आतला दिवा चाचपून पाहिला आणि खडूने त्या जागी वाटाण्याएवढा गोल काढला. मी सांगितलं, हवेसाठी वरही दोन-चार भोकं लागतील. ती म्हणाली, करू. मग तिने मशीनच्या खणात हात घातला, खण रिकामा होता. आम्ही दोघींनी एकदमच पलंगाकडे पाहिलं.

“कात्री पिशवीत हाय,” ती म्हणाली. आणि मग, माझ्याकडे न बघता, “काढू का?”

मी उठले. पिशवीची नाडी सोडली. वर शाल, तिच्याखाली दोन लुगडी, औषधांचा डबा, वडिलांचा फोटो टॉवेलमध्ये गुंडाळलेला, आणि सगळ्यांत तळाशी कात्री, अंगुस्तान आणि दोऱ्यांची रिळं. कात्री काढायची तर सगळं बाहेर घ्यावं लागलं. मी कात्री तिच्या हातात दिली. मग फोटो खिळ्याला लावला, लुगडी कपाटात ठेवली, औषधं कोनाड्यात ठेवली, आणि रिकामी पिशवी घडी करून गादीखाली सरकवली. आई मान खाली घालून भोक कापत होती. काज घालताना तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता आणि दोन टाके वाकडे पडले. ते तिने उसवले नाहीत.

रात्री मी तिथेच राहिले. सकाळच्या गाडीने परत येताना कऱ्हाडच्या अलीकडे मी फोन काढला आणि एकचा नियम पुसून टाकला. त्या जागी नवा भरला, सव्वा वाजेपर्यंत कुणी एसी लावला नाही तरच डबीने आपला आपण लावायचा. एकचं काम माझ्याकडे घेतलं. आता प्रयोगशाळेत एक वाजला की मी हातातलं ठेवते, हात पुसते आणि बटण दाबते. पोरांना वाटतं मॅडम फोनवर काहीतरी खेळतात. दाबताना मनात म्हणते, आई, जेवायला ऊठ. तेवढं काही डबी पोचवत नाही, पण मी म्हणते.

जूनच्या सुरुवातीला एकदा परीक्षेच्या कामात एक वाजून गेल्याचा मला पत्ताच लागला नाही. सव्वा वाजता डबीने आपलं काम केलं असणार. मी बघितलंसुद्धा नाही. संध्याकाळी आईचा फोन आला. पाऊस नाही, आंबे संपले, चाचांनी सोलापूरकडचे नवे भोपळे आणले, एका तंबोऱ्याची जवारी लागता लागेना, सगळी हकिकत पहिल्यापासून झाली. मग ती म्हणाली, “आज हाक उशिरा आली गं. येळंवर जेवलीस न्हवं?”

मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तसं तिला सांगितलं.